गल्ल्यावरचा नवा दिवाणजी

कागल ओलांडून पुणे-बेंगळुरू हमरस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की कोगनोळीजवळ महाराष्ट्राची हद्द संपते आणि थोड्याच वेळात निपाणीची पेठ लागते. तंबाखूच्या व्यापारावर वाढलेली ही पेठ. येथील जुन्या दुकानांत मालकाच्या गादीशेजारी दिवाणजींची बैठक असे. लाल कापडात बांधलेली खतावणी पुढ्यात घेऊन ते बसत. कोणाकडून किती येणे आहे, कोणाची उधारी कधीपासून थकली आहे, कोणाला सुगीपर्यंत सवलत द्यावयाची, हे सारे त्यांच्या वहीत असे आणि वहीपेक्षाही अधिक त्यांच्या डोक्यात असे. दिवाणजी दुकानाचे चाकर होते आणि वही दुकानाची होती.

आज त्याच पेठेत, किराणा दुकानापासून चहाच्या गाड्यापर्यंत, गल्ल्याशेजारी एक छोटी पेटी बसलेली दिसते. गिऱ्हाईक आपला दूरध्वनी काढते, भिंतीवरच्या काळ्यापांढऱ्या चौकटीसमोर धरते आणि क्षणार्धात पेटी बोलते: इतके रुपये मिळाले. मालकाची मर्जी असेल तर ती मराठीत बोलते, मर्जी असेल तर कन्नडात. हाही एक प्रकारचा दिवाणजीच होय. मात्र तो दुकानाचा चाकर नाही, आणि तो जी वही लिहितो ती दुकानात राहत नाही.

ही पेटी कोणाची, असा प्रश्न विचारला तर उत्तरे मोठी चमत्कारिक येतात. त्यांपैकी एक कंपनी जगातील माहिती शोधून देण्यासाठी जन्माला आली. दुसरी मोबाइलचे रिचार्ज करून देत होती. तिसरीची सूत्रे अमेरिकेतील एका अवाढव्य किराणा दुकानदाराकडे गेली. यांतील कोणीही मूळचा सावकार नव्हे, पेढीवाला नव्हे. असे असता निपाणीच्या भाजीवालीच्या दहा रुपयांच्या जुडीत या मंडळींनी एवढा रस का घ्यावा? तंत्रज्ञानातील मोठ्या कंपन्या आपला मूळ उद्योग सोडून सामान्य माणसाच्या नित्य व्यवहारात एकामागून एक सेवा घेऊन कशा शिरतात, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

वस्तुतः एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाणे ही गोष्ट बेळगावकरांना नवी वाटण्याचे कारण नाही. या बाबतीतला एक मोठा धडा त्यांच्याच शहरात घडला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक असताना, १८८८ साली, बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. सायकल ही त्या काळची अपूर्वाईची वस्तू. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली धाडीत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकीत. इतकेच नव्हे तर गिऱ्हाइकाला सायकलीवर बसावयासही शिकवीत. वस्तूबरोबर सेवा विकण्याची ही कल्पना आज नवी म्हणून सांगितली जाते. ती बेळगावच्या रस्त्यावर सव्वाशे वर्षांपूर्वी पडतझडत शिकली गेली आहे.

पुढे लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, सायकलींच्या व्यापारात स्पर्धा वाढली आणि त्यांचे लक्ष शेतकऱ्याकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र निघाले, नंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्यामुळे पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. शहराच्या नव्या वस्तीच्या योजनेत ठळकवाडीतील कारखान्याची जागा गेली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ओसाड माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरामागून चरक आले, लोखंडी फर्निचर आले, पाण्याचे पंप आले.

आणि मग एक अशी गोष्ट झाली, की जिचा नांगराशी वरवर काही संबंध दिसत नाही. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे नियतकालिक काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी, हा त्याचा आरंभीचा हेतू. पण वाचक मिळाले, आणि वाचक मिळाले म्हणून लेखक मिळाले. जाहिरातीच्या त्या पत्रकाचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ अशी भावंडे त्याला लाभली. नांगर करणारी कंपनी महाराष्ट्राच्या माजघरात जाऊन बसली. गिऱ्हाइकाची ओळख एकदा पटली, की त्याच ओळखीवर दुसरी वस्तू देता येते, हे विस्ताराचे पहिले सूत्र येथे स्पष्ट दिसते.

हेच सूत्र आजच्या कंपन्यांनी उचलले आहे. ॲमेझॉनने १९९५ साली पुस्तके विकावयास आरंभ केला. पुस्तक नासत नाही, मोडत नाही, टपालाने जाते. अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास संपादन करण्यास याहून सोयीची वस्तू नाही. विश्वास बसला, तसे त्याच दारातून कपडे गेले, भांडी गेली, चित्रपट गेले. भारतात फ्लिपकार्टनेही २००७ साली पुस्तकांपासूनच सुरुवात केली. पेटीएमचा प्रारंभ २०१० साली मोबाइल रिचार्जने झाला. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली ती फुकट. आणि ती फुकटाई पुढच्या वर्षीच्या मार्चअखेरपर्यंत लांबली. कोट्यवधी माणसे एकदा त्या जाळ्यावर आली, की त्याच तारेवरून चित्रपट, क्रिकेटचे सामने आणि किराणा धाडणे शक्य होते. २०२० साली फेसबुकने जिओच्या कंपनीत ४३,५७४ कोटी रुपये घातले. त्या वेळी बोलणे झाले ते प्रामुख्याने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाविषयी. एवढी मोठी रक्कम आणि एवढे लहान दुकान, यांचा मेळ बसतो तो दुकानाच्या संख्येमुळे.

आता किर्लोस्करांच्या विस्तारात आणि या विस्तारात फरक कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. कारण तो थोडाथोडका नाही. नांगराचे पैसे शेतकरी एकदा देई आणि नांगर त्याचा होई. तो किती खोल चालला, पीक किती आले, ते कोणाला विकले, हे किर्लोस्करवाडीला कळत नसे. मासिक नको झाले तर वर्गणी बंद करता येत असे, आणि मासिक बंद केले म्हणून नांगर चालेनासा होत नसे. नव्या सेवेत वस्तू गिऱ्हाइकाची कधीच होत नाही. ती सतत पुरविणाऱ्याची राहते, आणि तिचा प्रत्येक वापर पुरविणाऱ्याच्या वहीत नोंदला जातो. जुना कारखानदार आपल्या कसबावर विस्तारत असे. नवा कारखानदार मुख्यतः या नोंदीवर विस्तारतो.

भाजीवालीच्या दहा रुपयांचे मोल येथे कळते. त्या दहा रुपयांवर कंपनीला काहीच मिळत नाही. यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि लोकांना तिची निकड भासली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात गूगलने ‘तेज’ नावाने आपली सेवा आणली, तीच पुढे गूगल पे झाली. २०१८ साली फ्लिपकार्टबरोबर फोनपेही वॉलमार्टच्या ताब्यात गेली. जानेवारी २०२० पासून अशा भरण्यावर दुकानदाराकडून शुल्क घेण्यास मज्जाव झाला. म्हणजे सेवा जितकी अधिक वापरली जावी, तितका खर्चच अधिक. केवळ हिशेबाने पाहिले तर हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

परंतु सीमाभागातील ज्या माणसाने पिग्मीची पद्धत पाहिली आहे, त्याला यातील मर्म समजण्यास वेळ लागू नये. सिंडिकेट बँकेने १९२८ साली, कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारी येऊन दोन-चार आणे घेऊन जाई. ती पद्धत इतकी रुजली, की पुढे बँका आणि पतसंस्था यांनी ती गावोगाव नेली, आणि बेळगाव-निपाणीकडे पिग्मी हा शब्द मराठीतलाच होऊन बसला. पिग्मी गोळा करणारा रोज दुकानाच्या पायरीवर उभा राहतो. पैसे तो घेतोच. पण त्याच्याबरोबर आणखीही काही घेऊन जातो. दुकानात गर्दी आहे की माशा मारणे चालू आहे, माल भरलेला आहे की फळ्या रिकाम्या आहेत, मालकाच्या चेहऱ्यावर काळजी आहे की समाधान, हे त्याला दिसते. कर्जाचा अर्ज आला म्हणजे संस्थेला तारणापेक्षा या रोजच्या माहितीचा उपयोग अधिक होतो.

गल्ल्यावरची पेटी हे पिग्मीवाल्याचेच काम करते. फक्त ती दिवसातून एकदा येत नाही, दिवसभर बसून असते. सकाळी सातला पहिला चहा खपला, दुपारी धंदा मंदावला, पगाराच्या आठवड्यात चढला, पावसाच्या झडीत बसला, असा सारा आलेख न विचारता तयार होतो. त्यावरून या दुकानदाराला किती कर्ज द्यावे आणि ते कसे वसूल होईल, याचा अंदाज बांधता येतो. असे कर्ज कंपनी बहुधा स्वतः देत नाही. एखादी वित्तसंस्था देते, कंपनी ते मिळवून देते आणि आपली दलाली घेते. हप्ताही पुष्कळदा महिन्याचा नसून रोजचा असतो. त्याच पडद्यावर विमा विकला जातो, सोने विकले जाते, गुंतवणुकीच्या योजना दाखविल्या जातात. पेटीचे महिन्याचे भाडे येते ते वेगळेच. पैसे पोहोचविणे हा धंदा नव्हे. पैसे पोहोचविणे ही धंद्याची पायरी आहे.

फुकट आलेली प्रत्येक गोष्ट फुकटच राहते, असेही नाही. रिचार्ज करण्याचे वेगळे शुल्क पूर्वी कोणी घेत नव्हते. पुढे रुपया, दोन रुपये लागू लागले. जिओने जुलै २०२४ मध्ये आपले दर एकदम चढविले. यात फसवणूक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. सवय लागेपर्यंत तोटा सोसावयाचा आणि सवय लागल्यावर तो भरून काढावयाचा, ही व्यापाराची जुनीच रीत आहे. फरक पडतो तो एवढाच, की पूर्वी असा तोटा वर्षानुवर्षे सोसण्याइतके भांडवल पेठेतल्या कोणाही व्यापाऱ्यापाशी नसे.

तसेच, या कंपन्या जेथे पाऊल टाकतील तेथे टिकतातच, हा समजही बरोबर नाही. ॲमेझॉनने २०२० साली बेंगळुरूत तयार जेवण पोहोचविण्याचा उद्योग आरंभिला आणि २०२२ च्या अखेरीस गुंडाळला. व्हॉट्सॲप घराघरांत आहे. परंतु त्यावरून पैसे धाडण्याची परवानगी नोव्हेंबर २०२० मध्ये मिळूनही त्या क्षेत्रात त्याला फारसा जम बसविता आला नाही. पेटीएमची कथा अधिक बोलकी आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. त्या दीड महिन्यात हजारो दुकानदारांना आपली खाती दुसऱ्या बँकांशी जोडून घ्यावी लागली. निकाल झाला मुंबईत, आणि गल्ल्यावरचे कागद बदलावे लागले खेड्यापाड्यांत. कंपनीने पसारा आवरला किंवा सरकारने तो आवरावयास लावला, तर तिच्या हिशेबात ती एक ओळ असते. दुकानदाराच्या दृष्टीने तो दिवसभराचा गल्ला असतो.

नोंदीच्या बाबतीतली खरी कसोटी कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये लागली. राज्याच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवरून आलेल्या रकमांचे आकडे मिळविले आणि ज्यांची वर्षाची आवक मर्यादेपलीकडे दिसली अशा हजारो लहान व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. मालाच्या विक्रीसाठी ही मर्यादा ४० लाखांची आणि सेवेसाठी २० लाखांची. भाजी, दूध, फळे विकणारे, बेकरीवाले, चहावाले यांच्या हातांत लाखोंच्या मागणीचे कागद पडले. भाजी आणि दूध यांसारख्या मालावर तर करच नाही. पण खात्यात आलेली रक्कम करपात्र मालाची की करमुक्त मालाची, हे त्या आकड्यावरून उमगत नव्हते. कोणी मित्राकडून उसने घेतलेले पैसेही त्याच आकड्यात बसलेले होते. बेंगळुरूत दुकानादुकानांवर ‘यूपीआय नाही, रोख द्या’ अशा पाट्या लागल्या. अखेर २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांशी बोलणी केली आणि नोंदणी करून घेणाऱ्यांची मागील बाकी वसूल न करण्याचे आश्वासन दिले.

कर चुकवावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु जुन्या वहीत आणि या नव्या वहीत काय अंतर आहे, ते या प्रकरणाने उघड केले. लाल कापडातील वहीत ‘भावाकडून हातउसने’ असे लिहिलेले असे. दिवाणजींना विचारले असता ते खुलासा करू शकत. नवी वही आकडा ठेवते, खुलासा ठेवीत नाही. आणि ती मागणाऱ्याच्या हाती देण्याचा निर्णय दुकानदाराला विचारून होत नाही.

यात निपाणीसारख्या गावाची स्थिती थोडी निराळी आहे. या पेठेचे गिऱ्हाईक एका राज्यातले नाही. सकाळी कागलकडचा शेतकरी येतो, दुपारी चिकोडीकडचा. १९५६ साली आखलेली रेषा कर खात्याला दिसते, परवान्याला दिसते, एस.टी.च्या पाटीला दिसते. यूपीआयला ती दिसत नाही. तीच गोष्ट भाषेची. गूगलने ‘तेज’ आणले तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यात मराठी होती आणि कन्नडही होती. सरकारी अर्ज मराठीतून मिळावा म्हणून ज्या भागात दोन पिढ्या झगडल्या, तेथे एका परदेशी कंपनीने हा प्रश्न बोटाच्या एका स्पर्शावर सोडविला! ही भाषेवरची माया नव्हे, हे सांगावयास नको. ज्याला सर्वच गिऱ्हाईक हवे आहे त्याला सर्वच भाषा हव्या असतात. तरीही लाभ तो लाभच, आणि पेटी आपल्या भाषेत बोलते म्हणून ती लवकर आपली वाटू लागते, हेही तितकेच खरे.

निपाणीला दुसरी एक आठवण आहे, ती या संदर्भात आल्यावाचून राहत नाही. १९८१ साली तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथेच हमरस्ता अडविला आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या आंदोलनाच्या मुळाशी भावाचा प्रश्न होता. पिकविणारे हजारो, घेणारे मोजके. वजन त्यांचे, प्रत ठरविणार ते, पैसे देण्याची मुदत त्यांची आणि अडीअडचणीला उचलही त्यांचीच. शेतकऱ्याला दुसरे दार नव्हते, ही त्याची खरी अडचण होती.

या दृष्टीने आजचे आकडे पाहावे. यूपीआयवरील व्यवहारांपैकी पाचांतील सुमारे चार व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांमार्फत होतात. कोणाही एकाचा वाटा शेकडा ३० पेक्षा अधिक नसावा, असा नियम नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०२० मध्ये केला. पण त्याची अंमलबजावणी पुनःपुन्हा लांबणीवर पडून २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली. नियम करणाऱ्यांचीही अडचण समजण्यासारखी आहे. लोकांनी आपण होऊन जे निवडले ते त्यांच्या हातून काढून घ्यावयाचे कसे?

मात्र तंबाखूच्या वखारीत आणि या व्यवस्थेत एक मोठा भेद आहे, आणि तो दुकानदाराच्या बाजूचा आहे. यूपीआयचा रस्ता सार्वजनिक आहे; त्यावर धावणाऱ्या गाड्या तेवढ्या खासगी आहेत. भिंतीवर एका कंपनीची चौकट लावलेली असली, तरी गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या सेवेतून तीवर पैसे भरू शकते. एवढेच नव्हे, तर ती चौकट कंपनीचीच असली पाहिजे असे नाही. ज्या बँकेत खाते आहे ती बँकही ती देऊ शकते, आणि आता अनेक सहकारी बँकाही या रस्त्यावर उतरल्या आहेत. अशा चौकटीवर पैसे तसेच, तितक्याच वेळात येतात. बोलणारी पेटी कदाचित तितकी खणखणीत नसेल आणि बक्षिसाचे कूपनही मिळणार नाही. परंतु नोंद राहील ती ज्या संस्थेच्या वार्षिक सभेत सभासद म्हणून उभे राहून प्रश्न विचारता येतो, तिच्या दप्तरी.

पिग्मीवाला तर अजून येतोच. त्याच्या हातात आता छापील पावती देणारे यंत्र असते. सायंकाळी दिवे लागले, की तो पायरीवर उभा राहून रक्कम घेतो, यंत्राची कळ दाबतो, पावती फाडून देतो आणि जाता जाता विचारतो, की यंदा तंबाखूला भाव कसा आहे.